पुराची रेघ

१

फाईल जागेवर नव्हती.

तळघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर ‘टीचआउट’ होती, ‘टीसडेल’ होती, आणि त्या दोघींच्या मधे जिथे ‘टीग’ असायला हवी तिथे एक गुलाबी पुठ्ठा उभा होता. कोरा. ना नाव, ना तारीख, ना सही.

“घ्या!” थेल्मा ग्रिबल स्वतःशीच म्हणाली. सिमेंटच्या फरशीवर टेकलेले तिचे अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे ठणकत होते आणि सोमवारची सकाळ जेमतेम सव्वाआठाला पोचली होती.

फाईल बाहेर नेली की तिच्या जागी गुलाबी पुठ्ठा ठेवायचा आणि त्यावर नेणाऱ्याचं नाव लिहायचं, ही ऑस्टरली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातली पन्नास वर्षांची रीत. कोरा पुठ्ठा थेल्माने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. तिचा धंदाच हा होता. कुणाला नोकरीवर ठेवायचंय, कुणाला घर भाड्याने द्यायचंय, की त्याच्यावर कधी गुन्हा होता का हे बघायला शहरातल्या कंपन्या तिला फोन करत. शहरातल्यांना वाटतं सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं. कसलं डोंबलाचं! कॉम्प्युटरमध्ये असतं नाव, जन्मतारीख आणि शिक्षा. बाकी माणूस असतो काउंटीच्या तळघरात, कागदावर, आणि तो कागद कुणालाही मागता येतो. फक्त मागायला जावं लागतं. थेल्मा आपली जुनी ब्यूक गाडी घेऊन तीन काउंट्यांत जात असे.

या वेळचं काम मात्र कंपनीचं नव्हतं. ऑर्व्हल टीग नावाच्या चोपन्न वर्षांच्या माणसाचं होतं. त्याची मुलगी उन्हाळ्यात गोळ्यांच्या नशेत गेली. मागे राहिली सहा वर्षांची जोली. आजोबा म्हणाला, पोर माझी. मुलांच्या कोर्टाच्या बाईंनी कॉम्प्युटरवर आजोबाचं नाव घातलं आणि निघालं हे: ऑर्व्हल टीग, जन्म ९ मार्च १९५५. ऑस्टरली काउंटी, १९८६. चार वर्षांच्या मुलाला मारहाण, हात मोडला. गुन्हा कबूल. एकशेवीस दिवस कैद.

“मी त्या गावात पायसुद्धा ठेवलेला नाही,” ऑर्व्हल शपथेवर सांगत होता. पण तोंडच्या शपथेला कोर्टात कोण विचारतो? गुरुवारी सकाळी नऊला शेजारच्या काउंटीत निकाल होता. तोवर कागद मिळाला तर पोर आजोबाकडे. नाही तर दुसरा अर्ज होता, ऑर्व्हलच्या सावत्र भावाचा, लाइल हॅस्केनचा.

थेल्माने पुठ्ठा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग शेजारची ‘टीसडेल’ ओढून काढली. तिच्या पुठ्ठ्यावर खालून चार बोटं वर एक तपकिरी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. त्र्याण्णव सालच्या पुरात नदी या तळघरात शिरली होती. खालच्या फळीवरच्या एकूण एक फायलीवर ती रेघ होती.

गुलाबी पुठ्ठा मात्र धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता.

२

“पुरात गेली असेल गं,” मार्लिस डंकल म्हणाली आणि तिने न विचारता थेल्मापुढे कॉफी ठेवली. दोन चमचे साखर, दूध नाही. बावीस वर्षांत हे विचारायची वेळ आली नव्हती.

मार्लिस इथली मुख्य कारकून. सत्तावन्न वर्षांची, आखूड पांढरे केस, गळ्यात दोऱ्याला किल्ली. तीस वर्षांपूर्वी साधी कारकून म्हणून लागली आणि आता मुख्य कारकून म्हणून लोकांच्या मतांनी चौथ्यांदा निवडून आली होती. पुरानंतर तिनेच शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून, ओल्या फायली धुतल्या कपड्यांसारख्या वाळत घातल्या होत्या. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: “कागदाला नातेवाईक नसतात.” गव्हर्नरचा असो नाहीतर गावगुंडाचा, जागेवर असला पाहिजे आणि मागेल त्याला दिसला पाहिजे.

“पुरात गेली तर पुठ्ठा कुणी ठेवला?” थेल्माने विचारलं.

“जुना असेल एखादा.”

“जुन्यावर रेघ नसती का?”

मार्लिसने कॉफीचा घोट घेतला. “तू पण ना, थेल्मा! फायली परत लावताना चाळीस लोक होते. कुणी काय खुपसलं देव जाणे. माझे गुडघे तुला माहीत आहेत, गेली दोन वर्षं स्टुलावर चढलेली नाही मी. खाली वाकायचं तर नावच नको.”

ते खरं होतं. पण ‘स्टूल’ या शब्दाने थेल्माला काहीतरी टोचलं. आज सकाळी मधल्या गल्लीतून जाताना तिची नडगी स्टुलावर आपटली होती. ते स्टूल बावीस वर्षं दाराशी असायचं.

“मला आवक-जावक वही दाखव.”

वहीत महिन्याभरात टीगची फाईल मागणारी दोनच नावं होती. एक ऑर्व्हलला कोर्टाने दिलेला वकील, तो गेल्या शुक्रवारी येऊन हात हलवत परत गेला होता. दुसरा लाइलचा वकील, स्टर्म. त्याच्यापुढे मार्लिसच्याच अक्षरात शेरा होता, ‘फाईल आढळली नाही’, आणि वकिलांना थेल्मासारखं काउंटरच्या आत पाऊल टाकू देत नाहीत.

आतल्या खोलीत डेस्मंड बसला होता. तिशी ओलांडलेला, नेहमी सर्दी झाल्यासारख्या आवाजाचा. कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात आणि कागदाशी त्याचं हाडवैर.

“तुम्हीच कुठे यंत्रात घालून भुगा केला नाही ना?” थेल्माने सरळ विचारलं.

“केला असता तर पेढे वाटले असते,” डेस्मंड म्हणाला. “थेल्माबाई, त्या तळघरात मी आठ वर्षांत चारदा गेलो असेन. बुरशी आहे तिथे. आणि ते गुलाबी पुठ्ठे का काय, ते कुठे ठेवतात हेसुद्धा मला ठाऊक नाही.”

“मग आत आणखी कोण जातं?”

“कुणी नाही. मार्लिसबाई.” त्याने नाक शिंकरलं. “हां, मागच्या आठवड्यात दोनदा त्यांच्या बहिणीचा नवरा येऊन बसला होता. मी जेवायला निघालो की बरोबर हजर. दार लावून बोलत होते. एकदा तर मार्लिसबाईंचे डोळे लाल दिसले मला.”

“बहिणीचा नवरा?” बावीस वर्षांत मार्लिसने त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. “नाव काय त्याचं?”

“हॅस्केन,” डेस्मंड म्हणाला. “लाइल हॅस्केन.”

३

दुपारी थेल्मा ऑर्व्हलला महामार्गावरच्या खानावळीत भेटली. त्याने मांसाच्या वड्यांची थाळी मागवली होती आणि ती तशीच निवत पडली होती. उजव्या हाताने त्याने कप धरला होता. त्या हाताला तीन बोटं होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं मुळापासून नव्हतं.

“हे कधी झालं?”

“एक्याऐंशी साली. लाकडाच्या गिरणीत.” त्याने हात टेबलाखाली घेतला. “हॉस्पिटलचा कागद आहे माझ्याकडे. पण वकील म्हणतात, नुसत्या त्याने काय होणार? तुमची बोटं नाहीत हे सिद्ध होतं, त्या माणसाची होती हे कुठे होतं?”

“ते फायलीत होतं.” थेल्मा पुढे वाकली. “ऐका नीट. इथल्या शेरिफची जुनी पद्धत होती, पकडलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे दोन कागदांवर घ्यायचे. एक राज्याच्या कचेरीला पाठवायचा, तो आळशी कधी पाठवतच नसे. दुसरा कोर्टाच्या फायलीला टाचायचा. शहाऐंशी सालच्या त्या कागदावर दहा ठसे असतील तर तो माणूस तुम्ही नव्हे. कुणीतरी तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगून शिक्षा भोगली.”

ऑर्व्हलने कप खाली ठेवला.

“शहाऐंशी साली तुम्ही कुठे होता?”

“नदीवर. मालवाहू बोटीवर खलाशी, खाली मेम्फिस शहरापर्यंत. चार-चार महिने घरी नसायचो.” तो थांबला. “त्या वर्षी माझं गाडीचं लायसन्स हरवलं होतं. आईच्या घरी, कपाटाच्या खणात ठेवलेलं.”

“आईच्या घरी तेव्हा कोण राहायचं?”

खानावळीतली बाई येऊन कॉफी ओतून गेली, तिचे त्याने मान हलवून आभार मानले.

“आमची आई एक, बाप दोन,” तो शेवटी म्हणाला. “लाइल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच्यावर तेव्हा आधीचं एक प्रकरण होतं, पुन्हा पकडला असता तर मोठ्या तुरुंगात गेला असता. पण बाई, असं कसं करेल तो? मी त्याला सायकल शिकवलीय.”

“आणि आता तोच तुमची नात मागतोय.”

“तो म्हणाला, दादा, तुझ्या नावावर तो डाग आहे, तुला नाही मिळणार. निदान घरात तरी राहील पोरगी. मला वाटलं, चांगल्या मनाने म्हणतोय.” ऑर्व्हलच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्याने ते तीन बोटांच्या हाताने पुसलं. “माझ्या पोरीला मी वाचवू शकलो नाही. हिला तरी वाचवायचंय हो.”

४

हॅस्केनांचं घर गावाबाहेर, पांढरं, नीटनेटकं. मंगळवारी सकाळी लाइलनेच दार उघडलं. रुंद खांदे, दाढी गुळगुळीत, चर्चमध्ये दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणाऱ्या माणसाचं हसू.

“या, या. कोर्टाचं काम का? आम्हाला लपवायचंय काय!”

त्याची बायको नोरीन स्वयंपाकघरातून आली. मार्लिसचाच चेहरा, पण कुणीतरी पाण्यात बुडवून रंग काढल्यासारखा. डाव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.

“काय झालं हाताला?”

“पायरीवरून पडले,” नोरीन म्हणाली. तसं म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“धांदरट आहे आमची,” लाइल हसून म्हणाला. “खोली बघायची का पोरीची?”

खोली सुरेख होती. पिवळे पडदे, नवी चादर, उशीवर कापडी ससा. नोरीनने स्वतः शिवलेला. तो हातात घेऊन ती म्हणाली, “तिला ससे आवडतात म्हणे,” आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. थेल्माला तिची फार दया आली. मग तिची नजर दारावर गेली.

दाराला कडी होती. नवीकोरी, चकचकीत. बाहेरच्या बाजूने.

“ही कशाला?”

“झोपेत चालतात हो पोरं,” लाइल म्हणाला. “आणि शिस्तही लागते. आई गेलेलं पोर, सुरुवातीलाच वळण लावलेलं बरं.”

थेल्माही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. “तुमच्या भावाची जुनी फाईल सापडेना. तुम्हाला काही कल्पना?”

“पुरात गेली म्हणे.”

“कोण म्हणे?”

लाइलचं हसू जागच्या जागी राहिलं. “गावात बोलतात.”

“तुम्ही गेला होता ना कचेरीत? तळघरात?”

“मला काय कळतंय त्या कागदांतलं! मेहुणीला भेटायला गेलो होतो, वरच्या वर.”

“तिथे गुलाबी पुठ्ठे असतात, ते पाहिलेत?”

“कसले पुठ्ठे?” तो म्हणाला, आणि थेल्माला खात्री पटली की या एका प्रश्नाचं उत्तर त्याने खरं दिलं. सुज्ञ माणसाला एवढं पुरे होतं.

तिला मात्र ते उत्तर नको होतं. गाडीत बसल्यावर ती किल्ली न फिरवता तशीच बसून राहिली. फाईल कुणी काढली ते तिला आता कळलं होतं.

५

बुधवारी मार्लिस काउंटीच्या बैठकीला गेली होती. ती अकरापर्यंत येणार नव्हती. थेल्मा तळघरात उतरली.

बाहेरचा चोर काय करतो? फाईल उचलतो, कोटाखाली घालतो आणि शेजारच्या दोन फायली सरकवून फट बुजवतो. वीस हजार फायलींत कुणाला पत्ता लागणार? लाइलने तेच केलं असतं. वकील स्टर्मने तेच केलं असतं, शिवाय तो आत आलाच नव्हता. डेस्मंडला पुठ्ठे कुठे ठेवतात हेच माहीत नव्हतं. फाईल काढली की तिथे पुठ्ठा ठेवायचा, हे ज्याच्या हातात तीस वर्षं भिनलंय त्याचाच हात असं करतो. डोकं चोरी करत होतं आणि हात नोकरी करत होता. नाव लिहायची वेळ आली तेव्हा कुठे डोकं भानावर आलं असेल.

मार्लिसच होती. जिच्या हातची कॉफी थेल्मा बावीस वर्षं पीत होती, ती. नवऱ्याला पुरून आल्यावर थेल्मा पहिल्यांदा जिच्या गळ्यात पडून रडली होती, ती.

“रडायला नंतर वेळ आहे,” थेल्माने स्वतःला दटावलं. “फाईल कुठाय ते बघ.”

तर, फाईल कुठे असेल? जाळली? छे! जी बाई चोरी करतानाही पुठ्ठा ठेवते, जिने चिखलातले कागद एकेक करून वाळत घातले, तिच्याने कागद जाळवणार नाही. घरी नेली? तेही नाही. कागद इमारतीबाहेर जाता कामा नये, हा तिचाच नियम. मग फाईल इथेच होती, या वीस हजारांत. फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर.

आणि ते स्टूल! गुडघे धरलेली बाई दोन वर्षांत पहिल्यांदा स्टुलावर चढली होती. वरच्या फळीसाठी. वरच्या फळीला पुराचं पाणी कधी लागलंच नव्हतं. तिथल्या फायली स्वच्छ असणार. त्यांत खालून आलेली एकच फाईल असेल जिच्यावर तपकिरी रेघ आहे.

स्टूल अजून तिथेच होतं, मधल्या गल्लीत. थेल्माने मान वर करून अक्षर वाचलं.

एच.

ती स्टुलावर चढली. ‘हार्टविग’. ‘हासे’. त्यांच्यापुढे स्वच्छ फायलींच्या रांगेत एकच कड, चार बोटं वर तपकिरी रेघ असलेली. वरच्या पट्टीवर ‘ऑर्व्हल टीग’ असंच छापलेलं होतं. पण ती ठेवली होती तिथे, जिथे ‘हॅस्केन, लाइल’ या नावाची फाईल असायला हवी होती. गुन्हेगाराच्या आडनावाने फाईल लावायची. मार्लिसने लपवतानासुद्धा ती बरोबर लावली होती.

आत आरोपाचा कागद होता. खाली टाचलेला फोटो पाण्याने पांढराफटक झालेला. त्यामागे बोटांच्या ठशांचा कागद, शाई जशीच्या तशी. थेल्माने बोट ठेवून मोजले. डावे पाच. उजवे पाच. करंगळीसुद्धा.

“खाली उतर, थेल्मा,” गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. “पडशील.”

६

मार्लिस अंगातला कोट न काढताच उभी होती. बैठक लवकर संपली होती की ती गेलीच नव्हती, कोण जाणे.

“तुला केव्हापासून ठाऊक होतं?” थेल्माने विचारलं.

“ब्याण्णवपासून.” मार्लिस भिंतीला टेकली. “नोरीनच्या लग्नात. चर्चच्या दारात तो तिचा हात धरून उभा, आणि मी ओळखला. सहा वर्षांपूर्वी याच इमारतीत मीच त्याला आरोप वाचून दाखवला होता. मोडलेल्या हाताचा आरोप. तो मला म्हणाला होता, ‘हो बाई, मी ऑर्व्हल टीग.’”

“आणि तू काय केलंस?”

“केक कापला.” मार्लिस म्हणाली. “काय करू? नोरीन तेहतीस वर्षांची होती. तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. म्हटलं, माणूस बदलतो. शिक्षा भोगलीय ना? नाव कुणाचं का असेना, दिवस तर त्याने भोगले!”

“आणि ते नाव ज्याचं होतं तो?”

“मला वाटलं, त्याला कधी कळणारच नाही.” मार्लिस रडत होती, पण पुसत नव्हती. “मग लाइल आला मागच्या आठवड्यात. म्हणाला, ती फाईल बाहेर आली तर नोरीनला मी घरात ठेवणार नाही, आणि तिला मूल मिळायची ही शेवटची संधी आहे. सतरा वर्षं ती मुलाची वाट बघतेय, थेल्मा. माझी धाकटी बहीण आहे ती.”

“कागदाला नातेवाईक नसतात, मार्लिस.”

ते शब्द थप्पड बसावी तसे बसले. थेल्माला ते म्हणताना आनंद झाला नाही.

“घेऊन जा फाईल,” मार्लिस म्हणाली. “मी अडवत नाही.”

“नुसती नेऊन काय करू? तिथल्या न्यायाधीशाला साधी झेरॉक्स चालत नाही आणि मूळ फाईल बाहेर काढली तर मीच चोर. खऱ्या नकलेवर मुख्य कारकुनाचा शिक्का लागतो. तुझ्या हातचा. उद्या नऊच्या आत.”

“शिक्का मारला की मला विचारतील, फाईल कुठे होती.”

“विचारतील.”

“नोकरी जाईल. गुन्हा लागेल. आणि नोरीन...”

“नोरीनच्या मनगटाला काय झालंय?”

“पायरीवरून...” मार्लिस थांबली. तिलाही ते माहीत होतं. बहुतेक बरीच वर्षं माहीत होतं.

“मी काल त्या घरी गेले होते,” थेल्मा म्हणाली. “पोरीची खोली फार छान लावलीय तुझ्या बहिणीने. कापडी ससा शिवलाय. आणि दाराला लाइलने कडी बसवलीय. नवी. बाहेरून.”

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं. “बाहेरून?”

“बाहेरून. सहा वर्षांची आहे ती.”

तळघरातला पंखा घरघरत होता. मार्लिसने कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट स्टुलावर ठेवला आणि गळ्यातली किल्ली हातात घेतली. वर जाऊन तिने लोखंडी कपाट उघडलं, फाईलची पानं स्वतः झेरॉक्स केली आणि प्रत्येक पानावर दांडा दाबून शिक्का उठवला. शेवटच्या पानावर तिने सही केली, अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

मग ती पुन्हा तळघरात उतरली. दुखऱ्या गुडघ्यांनी खाली वाकली, कोरा पुठ्ठा उचलला आणि खिशातलं पेन काढून त्यावर लिहिलं: ऑर्व्हल टीग, १९८६. नेणारी: मार्लिस डंकल. तारीख मागच्या आठवड्याची, खरी होती ती.

“आता बरोबर झालं,” ती म्हणाली. थेल्माला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तिने घेतलं नाही.

७

गुरुवारी न्यायाधीशाने ठशांचा कागद पाहिला, ऑर्व्हलला उजवा हात वर करायला सांगितलं, आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. जोली आजोबाकडे गेली. पायऱ्या उतरताना तिने त्याची दोन बोटं धरली होती, उरलेल्यांपैकी.

लाइलवर तेवीस वर्षांपूर्वीच्या प्रकरणात आता काही चालवता येणार नव्हतं. चर्चच्या दारात उभं राहणं तेवढं बंद झालं. नोरीनने नवरा सोडला नाही. तिने बहीण सोडली. ख्रिसमसला मार्लिस केक घेऊन गेली तेव्हा दार उघडलंच नाही, खिडकीचा पिवळा पडदा फक्त हलला.

मार्लिसने गुन्हा कबूल केला. सरकारी कागद दडवल्याचा. कैद झाली नाही, पद गेलं आणि नावावर शिक्षा बसली.

एप्रिलमध्ये थेल्माला शहरातल्या एका कंपनीचा नेहमीसारखा कागद आला. किराणा दुकानांची मोठी साखळी होती, गल्ल्यावर माणसं हवी होती. पाच नावं, पाच जन्मतारखा, गुन्ह्याची नोंद आहे की नाही ते कळवा. ऑस्टरलीच्या वाटेवर शेजारच्या सीटवरच्या त्या कागदावर चौथं नाव दिसलं आणि तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

डंकल, मार्लिस.

तळघरात आता डेस्मंडचं राज्य होतं. तो स्वतः खाली गेला, शिंकत वर आला आणि त्याने फाईल काउंटरवर ठेवली. नवी, पातळ, रेघ नसलेली.

“थेल्माबाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “‘आढळली नाही’ असं लिहिलंत तर मी काही बोलणार नाही.”

थेल्माने फाईल उघडली. सगळ्यात वर तो गुलाबी पुठ्ठा पुरावा म्हणून टाचलेला होता, मार्लिसच्या सुबक अक्षरासकट. साठीला टेकलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला गल्ल्यावर उभं राहायची नोकरी हवी होती, आणि तीही आता मिळणार नव्हती.

“ती असती तर तिने तुम्हाला इथून हाकलून दिलं असतं,” थेल्मा डेस्मंडला म्हणाली.

तिने चौथ्या नावापुढे लिहिलं: ‘नोंद एक. सापडली.’ शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. बावीस वर्षांत थेल्माने त्यात कधी काही लिहिलं नव्हतं, कारण कंपनीत तो कुणी वाचत नाही. आज तिने पेन पुन्हा उघडलं आणि त्या रकान्यात लिहिलं: ‘हिच्याविरुद्धचा पुरावा हिनेच शिक्का मारून दिला.’